न दिसणारा धागा क्विल्टवर कसा आला: मोनोफिलामेंटची पार्श्वभूमी

क्विल्ट तीन थरांची असते. वर तुकडे जोडून केलेला पृष्ठभाग, मध्ये बॅटिंग, म्हणजे कापसासारख्या भरणाचा थर, आणि खाली अस्तर. हे तिन्ही थर एकत्र धरणारी शिवण म्हणजे क्विल्टिंग. अमेरिकेत नावाजलेल्या क्विल्टवर ही शिवण हाताचीच असे, आणि ज्या बाईचे इंचाला १०-१२ टाके सारखे पडतात तिचा हात चांगला, असं मानलं जाई. पारदर्शक मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच अखंड तारेच्या, धाग्याला क्विल्टच्या दुनियेत जागा मिळाली ती याच मोजमापामुळे. मशीनच्या शिवणीला हातशिवणीच्या पंगतीत बसायचं होतं, आणि त्यासाठी धागा डोळ्यांत भरून चालणार नव्हतं. नायलॉन घ्यायचं की पॉलिएस्टर, जाडी किती हवी, टेन्शन (मशीनवर धाग्याला दिलेला ताण) किती ठेवायचं, हे आज विचारले जाणारे प्रश्न तिथूनच निघालेले आहेत.

धागा स्वतः मात्र शिवणकामासाठी जन्मलेला नाही. त्याचं मूळ अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनमध्ये, ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे वॉलेस कॅरदर्स आणि त्यांचे सहकारी लहान रेणू जोडून लांबच लांब साखळ्या तयार करत होते. १९३० साली त्यांच्यातल्या जूलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमधून एक तार ओढून काढली. गार झाल्यावर ती पुन्हा ताणली तर तुटायच्या ऐवजी कित्येक पट लांबली, आणि लांबल्यावर आणखी बळकट झाली. ताणामुळे आतले रेणू एका दिशेला लागतात, म्हणून हे घडतं. आजही मोनोफिलामेंट असाच बनतो: वितळलेलं प्लॅस्टिक बारीक छिद्रातून दाबून काढायचं, गार करायचं आणि ओढायचं. सुती धाग्यासारखा त्याला पीळ नसतो, तंतू नसतात. एकच अखंड तार, म्हणून प्रकाश आरपार जातो.

हिल यांच्या हाती लागलेल्या त्या पॉलिएस्टरला एक मोठा दोष होता. ते फार कमी उष्णतेला वितळायचं, त्यामुळे धुण्या-इस्त्रीच्या कपड्याला त्याचा उपयोग नव्हता. ते बाजूला पडलं, आणि २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्याच प्रयोगशाळेत नायलॉन ६,६ तयार झालं. ते बाजारात येण्याआधीच, १९३७ मध्ये, कॅरदर्स यांनी आत्महत्या केली.

नायलॉन म्हटलं की सगळ्यांना बायकांचे स्टॉकिंग्ज आठवतात. ते १९४० च्या मे महिन्यात अमेरिकाभर विक्रीला आले. पण नायलॉनची बाजारात आलेली पहिली वस्तू त्याच्याही आधीची, १९३८ सालची आहे: टूथब्रश. डुकराच्या राठ केसांच्या जागी ब्रशला नायलॉनचे केस बसवले गेले. स्टॉकिंग्जच्या धाग्यात अनेक बारीक तंतू एकत्र असतात. ब्रशचा केस मात्र एकच अखंड तार असतो. आपल्या पारदर्शक धाग्याचा खरा पूर्वज तो केस. त्याच्या पाठोपाठ मासेमारीची दोरी आली, जिला आपण तंगूस म्हणतो.

पॉलिएस्टर परत आलं ते इंग्लंडमधून. १९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी टेरेफ्थॅलिक आम्ल वापरून वेगळं पॉलिएस्टर बनवलं. ते २५० अंश सेल्सियसच्या वर वितळतं. तेच टेरिलीन, आणि आपल्या घराघरात पोचलेलं टेरिकॉट म्हणजे त्याचंच कापसाशी मिश्रण. ज्या पदार्थाला एकेकाळी उष्णता सोसत नाही म्हणून बाजूला टाकलं, त्याच्याच नव्या रूपाकडे आजच्या क्विल्ट करणाऱ्या बायका इस्त्री सोसते म्हणून वळतात. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त भावते.

शिवणाच्या सामानात पारदर्शक नायलॉन धागा आधी आला तो कपड्यांच्या आतल्या शिवणींसाठी, मुख्यतः पँट-स्कर्टच्या तळाची घडी घालायला. तो जाड होता, चकाकायचा, आणि कापलेलं टोक पायाला टोचायचं. त्याच्याबद्दलचा बराचसा वाईट ग्रह त्या काळातला आहे.

इकडे क्विल्टला नवे दिवस येत होते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगून प्रदर्शन भरवलं. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातल्या त्या क्विल्ट होत्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली, आणि आजीची कला शिकायची लाट घरोघरी पसरली. मात्र या लाटेने जुना दंडकही सोबत आणला: खरी क्विल्ट हाताचीच. खरं तर शिवणयंत्र घराघरांत आलं तेव्हापासूनच काही बायका मशीनवर क्विल्टिंग करत होत्या. नेब्रास्कातले शेतकरी अर्नेस्ट हाइट यांनी तर मशीन क्विल्टिंगवर १९७४ मध्ये पुस्तिकाही काढली. तरी स्पर्धेत, प्रदर्शनात मशीनचं काम दुय्यमच धरलं जाई.

कोलोरॅडोत दुकान चालवणाऱ्या हॅरिएट हारग्रेव्ह यांनी १९८० च्या दशकात या अडचणीवर जो तोडगा लोकप्रिय केला, त्याच्या मध्यभागी हा धागा आहे. त्यांनी अगदी बारीक, ०.००४ इंचाचा, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटरचा नायलॉन धागा वर घेतला, खाली बॉबिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खालच्या छोट्या रिळात, सुती धागा ठेवला आणि मध्ये कापसाची बॅटिंग घातली. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या बाईला वारसा म्हणून देता येईल अशी क्विल्ट मशीनवर करता येते, हे त्यांनी वर्गांतून आणि पुस्तकांतून दाखवलं.

यातली करामत नीट बघण्यासारखी आहे. हाताच्या धावदोऱ्यात धागा वर येतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. म्हणजे वरच्या बाजूला टाका, मग मोकळी जागा, मग टाका. मशीनचा टाका दोन धाग्यांचा. वरचा धागा रेघेसारखा सलग पडतो आणि प्रत्येक भोकात खालच्या धाग्याला अडकतो. ती सलग रेघच मशीनची ओळख सांगते. वरचा धागा पारदर्शक केला की रेघ पुसली जाते आणि डोळ्याला दिसतो तो फक्त कापडात पडलेला खळगा आणि त्याची सावली. क्विल्ट धुतली की कापसाची बॅटिंग साधारण ३ ते ५ टक्के आटते, शिवणीभोवती कापड बारीक चुरगळतं, आणि जुन्या हातच्या क्विल्टला असतो तसा पोत येतो. वरचं टेन्शन मुद्दाम थोडं वाढवलं, तर बॉबिनमधला सुती धागा प्रत्येक भोकातून किंचित वर डोकावतो आणि लांबून बघणाऱ्याला हाताचे सुटे टाके वाटतात. पुढे काही कंपन्यांनी याच युक्तीवर बेतलेला खास टाका मशीनमध्येच बसवून दिला.

१९८९ साली केंटकी राज्यातल्या पडूका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला तिथे तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्यावर वाद झाला, पण दार उघडलं. मग धागा लपवायचं कारणही हळूहळू सरलं. रंगीत, चमकदार, जाड धागे मुद्दाम दिसावेत म्हणून वापरले जाऊ लागले. ज्यांना बारीक काम हवं होतं त्यांना १०० नंबरचा रेशमी धागा आणि ६० नंबरचं बारीक पॉलिएस्टर असे दुसरे पर्याय मिळाले (धाग्याचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक).

मोनोफिलामेंट तरीही टिकला, आणि माझ्या मते तो आता त्याच्या खऱ्या कामावर रुजू झालाय. दोन तुकड्यांच्या जोडाच्या खाचेतून शिवण घालायची असेल, तर एका बाजूला पिवळं, दुसऱ्या बाजूला जांभळं, पुढच्या चौकोनात हिरवं. कोणत्या रंगाचा धागा लावणार? कापून लावलेल्या फुलापानांच्या कडा टिपायच्या असतील, तिथेही तेच. अशा जागी पारदर्शक धाग्याला तोड नाही. मोठ्या मोकळ्या पृष्ठभागावर वेलबुट्टी काढायची असेल, तर मी बारीक सुती किंवा रेशमी धागाच सुचवेन. तिथे धाग्याचा रंग कामाला खोली देतो, आणि मोनोफिलामेंट उजेडात चमकला की ते काम प्लॅस्टिकचं वाटतं.

आता निवडीकडे. नायलॉन जास्त ताणलं जातं, हवेतला ओलावा थोडा शोषतं, म्हणून हाताला मऊ लागतं आणि क्विल्टमध्ये छान बसतं. पण ऊन आणि उष्णता यांनी ते कालांतराने पिवळं पडतं, ठिसूळ होतं. पॉलिएस्टर ओलावा जवळपास शोषत नाही, कमी ताणलं जातं आणि उन्हात जास्त टिकतं. इस्त्रीचा मुद्दा मात्र लोक समजतात तितका सरळ नाही. नायलॉन ६,६ सुमारे २६५ अंशांना वितळतं, म्हणजे पॉलिएस्टरपेक्षा कमी नाही. दुसरं प्रचलित नायलॉन, नायलॉन ६, सुमारे २२० अंशांनाच वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. सुती कापडाची इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते. रिळावर बहुतेक वेळा नुसतं 'नायलॉन' असतं, कोणतं ते नसतं. म्हणून ज्या कामाला वारंवार इस्त्री लागणार किंवा जे खिडकीजवळ टांगायचं आहे, त्याला पॉलिएस्टर घ्यावं. पांघरायच्या, मऊ पडायला हव्या अशा क्विल्टला चांगलं बारीक नायलॉन आजही उत्तम. इस्त्री करायचीच असेल तर मध्यम उष्णतेवर, मागच्या बाजूने, वर सुती फडकं टाकून.

'नायलॉन कापूस कापतं' ही भीतीही ऐकू येते. ती जाड धाग्याच्या काळातली आहे. ०.१ मिलिमीटरचा धागा हाताने सहज तुटतो. ताण आला तर कापडाआधी तो तुटावा, हेच शिवणीच्या धाग्याकडून अपेक्षित असतं. त्यामुळे नायलॉन की पॉलिएस्टर याच्याही आधी जाडी बघा. आपल्याकडे बाजारात सहज मिळतो तो तंगूस: गळाला लावायचा, मणी ओवायचा, घागऱ्याच्या घेराला पिको करताना आत घालायचा. तो कितीतरी जाड आणि ताठ असतो, मशीनच्या सुईत घालायचं त्याचं काम नव्हे. रिळावर मिलिमीटर किंवा इंच लिहिलेलं नसेल, तर वीतभर धागा बोटाला गुंडाळून सोडा. जो सैल पडतो तो चालेल; जो स्प्रिंगसारखा उसळून उलगडतो तो परत ठेवा. शिवाय दोन छटा मिळतात: फिकट कापडाला स्वच्छ पारदर्शक आणि गडद कापडाला धुरकट. काळ्या-निळ्या कापडावर स्वच्छ धागा लावला तर तो केसासारखा चमकत राहतो.

मशीनवर याचे बहुतेक त्रास ताणातून येतात. शिवताना धागा ताणला गेला तर नंतर तो मागे येतो आणि शिवण आवळते, म्हणून वरचं टेन्शन नेहमीपेक्षा बरंच सैल करावं. वाया गेलेल्या कापडाच्या तीन थरांवर शिवून, वर बॉबिनचे ठिपके दिसेनासे होईपर्यंत ते कमी करत जावं. रिळावरून वळसे घसरून गुंते होतात, कारण धागा गुळगुळीत आणि आपल्या मनाने उलगडणारा. रिळावर जाळी चढवली किंवा रीळ मशीनच्या मागे थोडं लांब, उभं ठेवलं की बराच फरक पडतो. सुई ७० नंबरची, जमल्यास ६० ची. या धाग्याने भोक भरून निघत नाही, त्यामुळे जाड सुईची भोकं तशीच दिसत राहतात. बॉबिनमध्ये अस्तराच्या रंगाचा ५० किंवा ६० नंबरचा सुती धागा घालावा. तिथेही मोनोफिलामेंटच हवा असेल तर सावकाश, अर्धीच बॉबिन भरावी; वेगाने भरलेला धागा ताणलेला राहतो आणि प्लॅस्टिकची बॉबिन फुगून तिच्या डबीत अडकते. सुरुवातीला आणि शेवटी गाठ मारू नये, ती सुटते. त्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरचे सात-आठ टाके एकाजवळ एक घालून धागा कापावा.

आपल्या गोधडीला या धाग्याची कधी गरज भासली नाही. तिथे धावदोरा दिसतो, दिसावा म्हणूनच घातला जातो, आणि जुन्या लुगड्यांच्या थरांवर त्याच्या ओळीच नक्षी होतात. मशीनवर गोधडी करणाऱ्या ओळखीच्यांना मी हेच सांगते: गोधडीचाच पोत हवा असेल तर वर साधा सुती धागा लावा.

एका ठिकाणी हा धागा मी कधीच वापरू देत नाही: तान्ह्या बाळाच्या दुपट्यावर. शिवण उसवून धाग्याचा फास सुटला तर तो दिसतच नाही. केस किंवा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळून रक्तपुरवठा थांबल्याच्या घटना डॉक्टरांना चांगल्या ठाऊक आहेत. त्या मापाच्या क्विल्टला सुती धागा घ्या, आणि तोही सहज डोळ्यांत भरेल अशा रंगाचा.