झापलं म्हणून जिंकले?

फुटबॉलची मॅच हरली की कोच माइकसमोर बसतो आणि स्वतःच्याच खेळाडूंची बिनपाण्याने करतो. रेफरी, फेडरेशन, क्लबचे मालक, कुणालाच सोडत नाही. पुढच्या मॅचला तोच संघ जिंकतो. मग अंधेरी स्टेशनवरून स्टेडियमकडे चालत निघालेल्या पोरांपासून चर्चगेट लोकलमधल्या काकांपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं: "असाच कोच पाहिजे. झापलं की लायनीवर येतात." हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की एकदा त्याचा हिशेबच मांडावा म्हटलं.

फटकळ कोच आवडण्यात गैर काही नाही. चाहत्याच्या पोटात जे खदखदत असतं ते त्याच्या ओठावर येतं, आणि तेही कॅमेऱ्यासमोर. २००४ साली चेल्सीत दाखल होताच जोसे मोरिन्हो पत्रकारांसमोर स्वतःला 'स्पेशल' म्हणवून मोकळे झाले, आणि ते बिरुद त्यांना कायमचं चिकटलं. आपल्याकडे भारताचे तेव्हाचे कोच इगोर स्टिमॅक यांनी २०२३च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानच्या खेळाडूच्या हातातला थ्रो-इनचा बॉल उडवला आणि लाल कार्ड घेतलं. त्याच स्पर्धेत कुवेतविरुद्ध दुसरं घेतलं. कोच शिक्षा भोगत असताना भारताने ती स्पर्धा जिंकली, मग काय विचारता! रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की कॉलेजचा संघ जिंकला की सोमवारी कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त जण घालून येतात. जिंकणाऱ्याशी नातं सांगायला सगळेच पुढे.

इथवर ठीक आहे. 'झापल्यामुळे जिंकले' हे मात्र निराळं विधान आहे, आणि ते तपासता येतं.

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये दोन्ही संघांचे मिळून मॅचला सरासरी पावणेतीनच्या आसपास. त्यामुळे बॉल पोस्टला लागून आत गेला की बाहेर आला, एवढ्यावर विजयाचे तीन गुण ठरतात (बरोबरीला एक, हारीला शून्य). समजा, एका संघाला सरासरी १.६ गोल होतील इतक्या संधी मिळतात आणि समोरच्याला १.१. पहिला संघ उघडउघड सरस आहे. पण सरासरीवरून किती गोल होण्याची शक्यता किती ते सांगणाऱ्या प्वासाँच्या सूत्रात हे आकडे घालून पाहिले, तर सरस संघ अशा १०० मॅचपैकी साधारण ४९ जिंकतो, २५ बरोबरीत सोडवतो आणि २६ चक्क हरतो. कोणाची काही चूक नसताना.

आता गुणतक्त्याच्या मधोमध असलेला संघ घ्या. जिंकण्याची शक्यता ३६ टक्के, बरोबरी २७, हार ३७, आणि ही शक्यता अख्ख्या हंगामात तसूभरही बदलत नाही असं धरू. कोच बोलो, न बोलो. लागोपाठ पाच मॅचमध्ये एकही विजय नाही, असं होण्याची शक्यता ०.६४चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम ११ टक्के. कमी वाटते ना? पण ३८ मॅचच्या हंगामात असा पट्टा कुठे ना कुठे निदान एकदा येण्याची शक्यता निघते ८३ टक्के! (प्रत्येक मॅचनंतर 'अजून पट्टा आलेला नाही' याची शक्यता आधीच्या मॅचवरून काढत जायची. चौकटीच्या वहीत तासाभराचं काम आहे, आणि मजेचं.) म्हणजे 'संघ कोसळला' अशा बातम्यांचा आठवडा बहुतेक मधल्या संघांच्या नशिबी असतोच.

कोच नेमका कधी भडकतो? याच पट्ट्याच्या शेवटी. त्या पाच मॅचमध्ये विजय नव्हता हे आपल्याला माहीत आहे, म्हणजे निकाल फक्त बरोबरी किंवा हार. त्यातून मिळणारे गुण सरासरी २.१. पुढच्या पाच मॅचवर मात्र असं काही बंधन नाही. तिथे मॅचमागे १.३५ गुण, एकूण ६.७५. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून सहज होणारी इकडेतिकडे, २.९च्या घरात, त्यामुळे ४ मिळाले काय किंवा ९ मिळाले काय, दोन्हीत नवल नाही. पण सरासरीने गुण तिपटीहून वर गेले, आणि आपल्या गणितात कोचने तोंडही उघडलेलं नाही.

याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, सरासरीकडे परतणं. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ सज्ञान मुलांच्या उंचीवरून ते दाखवलं. सरासरीहून उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण आईबाप सरासरीपासून जितके दूर, त्याच्या दोन तृतीयांशच दूर. निकालात कुवतीचा आणि योगायोगाचा असे दोन वाटे असतात. कुवत पुढच्या मॅचला बरोबर येते, योगायोग येत नाही. म्हणून फार वाईटानंतर बहुधा थोडं बरं येतं आणि फार चांगल्यानंतर थोडं कमी. ताप ऐन चढलेला असताना अंगारा लावला की बाबांची कीर्ती वाढते, ती याच कारणाने. हसू नका. आपल्या राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंची यादी २०२२ साली मॅचआधी ज्योतिषाकडे गेल्याच्या बातम्या सप्टेंबर २०२३मध्ये छापून आल्या होत्या. ग्रहांनाही श्रेय मिळतं ते याच खिडकीवर.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांनी ठासून सांगितलं होतं की शाबासकी दिली की वैमानिकाचं पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं. निरीक्षण खरं होतं, कारण चुकीचं. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या माणसाने ही गोष्ट आयुष्यभर सांगितली. फुटबॉलमध्येही बास टेर वील हा अर्थतज्ज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्याने २००३ साली डच लीगच्या निकालांवर हेच तपासलं. कोच हाकललेल्या क्लबांशेजारी त्यांनी तसेच गटांगळ्या खाणारे, पण कोच न बदललेले क्लब ठेवले. हकालपट्टीमुळे सावरण्याचा वेग वाढल्याचं दिसलं नाही.

याचा अर्थ कोच म्हणजे शोभेची बाहुली, असा कुणी काढू नये. ब्रायन क्लफ १९७५च्या जानेवारीत कोच म्हणून इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये आले तेव्हा तो क्लब दुसऱ्या श्रेणीत चाचपडत होता. १९७८ला तो इंग्लंडचा विजेता झाला आणि १९७९ व १९८०ला युरोपियन कप घेऊन गेला. एवढं सगळं योगायोगात बसत नाही. पण याच क्लफना १९७४ साली लीड्स या क्लबने ४४ दिवसांत घरी पाठवलं होतं. जीभ दोन्हीकडे तीच, तितकीच तिखट. तेव्हा श्रेय जिभेला द्यायचं तर लीड्सचं खापरही तिच्यावरच फोडावं लागेल.

इंडियन सुपर लीगमधल्या आपल्या मुंबई सिटीचं उदाहरण तर आणखी छान आहे. २०२३च्या नोव्हेंबरात कोच डेस बकिंगहॅम गेले ते संघ गाळात होता म्हणून नव्हे, ऑक्सफर्ड युनायटेड या इंग्लिश क्लबने बोलावलं म्हणून. त्याआधीच्या हंगामात त्यांनी लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, जिंकली होती. पेत्र क्रात्की आले आणि ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला अंतिम सामन्यात ३-१ हरवून लीगचा कप आणला. इथे तळ गाठलेलाच नव्हता, त्यामुळे आपोआप वर येण्याची सवलतही क्रात्कींना नव्हती. माझ्या मते अशा कोचला टाळ्या जास्त मिळायला हव्यात. मिळतात कमी.

पुढच्या वेळी कोच भडकल्याचा व्हिडिओ आला की त्याच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच मॅचचे गुण लिहून ठेवा. शेजारी असा एक संघ घ्या, जो तितकाच घसरला होता पण ज्याचा कोच मितभाषी आहे. तो जरा शोधावा लागेल, कारण गप्प बसणाऱ्या माणसाचे व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.