मॅसॅच्युसेट्सच्या उथळ किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास: सागरी मासेमारीचा परवाना कोणाला लागतो, कसा काढायचा

मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड या द्वीपकल्पाच्या आतल्या अंगाला ब्रूस्टर गाव आहे. सुकती लागली की तिथला समुद्र मैलभराहून जास्त मागे सरतो आणि सगळी पुळण उघडी पडते. जूनमध्ये भरतीचं पहिलं पाणी त्या वाळूवर चढू लागलं की त्याच पाण्यातून स्ट्राइप्ड बास येतो. गुडघाभर खोलीत सँड ईल नावाचे बारीक मासे आणि खेकडे हुडकत तो फिरतो. मासा दिसायच्या आधी वाळूवरून सरकणारी त्याची सावली दिसते. त्या सावलीच्या दोन हात पुढे फ्लाय टाकायची. हा गळ आमिषाचा नसतो. पिसं आणि केस बांधून केलेली खोटी मासोळी असते, आणि ती लांब फेकायला लागणारं वजन दोरीतच असतं. कोकणात खाडीकाठी गरवलेल्या माणसाला इथे पाणी वाचायला वेगळं शिकावं लागत नाही, पण कायदा मात्र नव्याने समजून घ्यावा लागतो. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांकडून दर उन्हाळ्यात येणारे प्रश्न समोर ठेवून हे लिहितो आहे.

परवाना कोणाला हवा

वय 16 किंवा त्याहून जास्त असेल आणि राज्याच्या समुद्रात हौस म्हणून गळ टाकायचा असेल, तर परवाना हवाच. हा नियम 2011 पासून आहे. पकडलेला मासा लगेच सोडून देणार असलात तरी तो लागतो, कारण कायदा मासेमारीला लागू होतो, मासा घरी नेण्याला नव्हे. नागरिकत्वाची अट नाही. नोकरीच्या व्हिसावर असलेले, शिकायला आलेले आणि राज्याबाहेरून चार दिवसांसाठी आलेले, सगळे तो काढू शकतात.

भारतातून आलेल्या आईवडिलांबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. 60 आणि त्यापुढच्या वयाला परवान्याचं शुल्क नाही, पण परवाना मात्र काढावाच लागतो. ‘फुकट आहे’ याचा अर्थ बरेच जण ‘लागत नाही’ असा घेतात आणि तिथेच चुकतात. बाबांच्या हातात दहा मिनिटं जरी रॉड देणार असाल, तरी त्यांच्या नावाचा परवाना आधी काढून ठेवा.

सूट कोणाला? 16 वर्षांखालच्या मुलांना, आणि राज्याचा परवाना असलेल्या भाड्याच्या चार्टर बोटीवरून मासेमारी करणाऱ्यांना. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या अपंग व्यक्तींनाही सूट आहे. बोट सोडून गाइडबरोबर पायी पुळणीवर उतरणार असाल, तर बोटीच्या सवलतीवर विसंबू नका, स्वतःचा परवाना घ्या. न्यू हॅम्पशायर, ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट यांच्याशी मॅसॅच्युसेट्सचा परस्पर मान्यतेचा करार आहे.

गोड्या पाण्याचं लायसन्स वेगळं

ही गल्लत फार होते. तळ्यात आणि नदीत मासे धरायचं लायसन्स वेगळं, ते वयाच्या 15 पासून लागतं आणि समुद्रात चालत नाही. समुद्राचा परवाना तळ्यावर चालत नाही. दोन्ही एकाच संकेतस्थळावर मिळतात, म्हणून घाईत चुकीच्या नावावर बोट पडतं. ‘सॉल्टवॉटर’ हा शब्द वाचूनच पुढे जा.

शिंपले, कालवं काढायची असतील तर त्याची परवानगी त्या त्या गावाकडून घ्यावी लागते. बास धरता धरता पायाखालचे चार शिंपले पिशवीत टाकले, तर तुमचा मासेमारीचा परवाना तुम्हाला वाचवणार नाही.

अर्ज कसा करायचा

राज्याच्या ‘मासफिशहंट’ या ऑनलाइन प्रणालीत आधी खातं उघडायचं. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि पैसे भरायला कार्ड इतकं जवळ असलं की बसल्या जागी काम होतं. नाव आणि जन्मतारीख ओळखपत्रावर जशी आहे तशीच भरा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ते कुठे असतं कुठे नसतं, आणि पुढच्या वर्षी जुनं खातं शोधताना त्याचाच घोळ होतो. ऑनलाइन नको असेल तर मासेमारीच्या सामानाची काही दुकानं आणि काही गावांची क्लार्क कार्यालयं अधिकृत एजंट म्हणून परवाना देतात. तिथे जाताना जन्मतारीख असलेलं ओळखपत्र न्या.

योजना सुरू झाली तेव्हा शुल्क 10 डॉलर ठरलं होतं, ऑनलाइन काढताना सेवाशुल्क वेगळं. आकडे बदलतात, म्हणून पैसे भरायच्या आधी पडद्यावरची रक्कम वाचा. जमा होणाऱ्या शुल्काचा तिसरा हिस्सा लोकांना किनाऱ्यापर्यंत पोहोचता यावं अशा सोयींसाठी राखून ठेवलेला असतो. मला हा कायद्याचा फार चांगला भाग वाटतो, कारण केप कॉडवर मासा मिळवण्यापेक्षा पाण्यापर्यंतची वाट मिळवणं अवघड आहे. केंद्र सरकारकडे सागरी मासेमारी करणाऱ्यांची जी राष्ट्रीय नोंदणी असते, तिच्यासाठी मग वेगळा अर्ज करावा लागत नाही.

परवान्याची मुदत 1 जानेवारी ते 31 डिसेंबर, कधीही काढला तरी. बास केप कॉडला मे महिन्यात पोहोचतो, तेव्हा एप्रिलच्या अखेरीस परवाना काढून ठेवलेला बरा. छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. खाऱ्या पाण्यात फोनचा भरवसा धरू नका.

पायाखालची जमीन कोणाची

मॅसॅच्युसेट्समध्ये किनाऱ्यालगतची खाजगी मालकी बऱ्याच ठिकाणी थेट ओहोटीच्या रेषेपर्यंत जाते. याचं मूळ 1640 च्या दशकातल्या वसाहतकालीन अध्यादेशांत आहे. पण त्याच अध्यादेशांनी भरती आणि ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात लोकांचे तीन हक्क राखून ठेवले: मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि जलवाहतूक. म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या ओल्या वाळूवर चादर अंथरून बसायचा हक्क तुम्हाला नाही, पण रॉड घेऊन मासेमारी करायचा आहे. तिथपर्यंत जायला मात्र कोणाच्या अंगणातून वाट काढता येत नाही. सार्वजनिक वाटेने उतरायचं आणि ओल्या पट्ट्यातून चालत जायचं. गाडी कुठे लावायची हा प्रश्न गावागणिक बदलतो, उन्हाळ्यात बऱ्याच किनाऱ्यांवर गावाचा स्टिकर किंवा दिवसाचं भाडं लागतं.

केप कॉडवरच्या चॅटम गावाजवळचं मोनोमॉय हे 1944 पासून राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. तिथल्या आणि इतरही पुळणींवर पायपिंग प्लोव्हर हा चिमुकला पक्षी वाळूतच अंडी घालतो, म्हणून विणीच्या हंगामात काही भाग दोरी लावून बंद करतात. दोरी दिसली की वळसा घ्यायचा.

तीन इंचांचा नियम

हौशी माणसाला दिवसाला एकच स्ट्राइप्ड बास ठेवता येतो, आणि तोही 28 इंचांपेक्षा कमी नाही आणि 31 इंचांपेक्षा लहान, असाच. 31 इंच भरला की सोडायचा. 2023 पासून ही मर्यादा आहे. माशाचं तोंड मिटून, शेपटीची दोन्ही टोकं जवळ दाबून, टोकापासून टोकापर्यंत माप घ्यायचं. मोजपट्टी जवळ हवीच, नजरेचा अंदाज इथे उपयोगाचा नाही. ठेवलेला मासा विकता येत नाही, त्याचा धंद्याचा परवाना निराळा. खऱ्या आमिषाने बास धरताना सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, सक्तीचा आहे. फ्लायला ती सक्ती नाही. गॅफ, म्हणजे माशाला टोचून वर ओढायचा आकडा, बासवर वापरायला बंदी आहे.

इतका अरुंद पट्टा का, हे नव्या माणसाला समजावून सांगावं असं मला मनापासून वाटतं. हा मासा चेसापीक उपसागरात, हडसन आणि डेलावेअर नद्यांत अंडी घालतो आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे येतो. 1980 च्या दशकात त्याची संख्या इतकी ढासळली की चेसापीककाठच्या मेरीलँड राज्याने 1985 ते 1990 मासेमारीच बंद ठेवली. 1995 साली साठा सावरल्याचं जाहीर झालं. 2019 मध्ये तो पुन्हा अतिमासेमारीने खालावल्याचं निष्पन्न झालं, आणि त्यानंतर चेसापीकमध्ये पिल्लांची वर्षं सलग वाईट गेली आहेत. मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात, म्हणून 31 इंचांवरची मादी पाण्यात राहिलेली हवी. मी एकही ठेवत नाही. तुम्ही ठेवणार असाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे, पण सोडायचा मासा नीट सोडा: गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करा, हात ओले करा, मासा पाण्यातच धरा आणि तो स्वतःहून निसटेपर्यंत थांबा.

उतरण्याआधी

भरतीचं कोष्टक हाही तुमच्या कागदपत्रांपैकीच एक समजा. केप कॉडच्या आतल्या उपसागरात भरती-ओहोटीत साधारण तीन मीटरचा फरक पडतो. उधाणाला पाणी झपाट्याने येतं आणि ते समोरूनच येतं असं नाही, आधी मागचे चर भरतात. सुकतीच्या शेवटच्या तासात बाहेर जावं आणि पाणी वळलं की त्याच्या सोबतीने किनाऱ्याकडे सरकत मासेमारी करावी. धुकं आलं तर दिशा कळत नाही, म्हणून होकायंत्र जवळ असू द्या. मोनोमॉयच्या बाजूला सील पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामागे पांढरे शार्क येतात. सील दिसत असतील तिथे खोल कडेला उभं राहू नका.

परत येताना वाहनतळावर पर्यावरण पोलिसांचा अधिकारी भेटू शकतो. तो परवाना आणि मासा ठेवला असेल तर मासा पाहायला मागेल. मासा अख्खा ठेवलेला असला की जागच्या जागी माप घेता येतं.