मल्टिसीट संगणक (लिनक्स)

मल्टिसीट संगणक : एकाच सीपीयूला दोन किंवा अधिक मॉनिटर, कीबोर्ड व माऊस जोडून तितक्याच माणसांनी एकाच वेळी आपापल्या खात्यात काम करण्याची लिनक्सवरील सोय. अशा प्रत्येक संचाला ‘सीट’ म्हणतात. रॅम आणि प्रोसेसर सामाईक असतात. ग्राफिक्स कार्ड मात्र दर सीटला वेगळे लागते, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

इंदूरमधल्या मराठी घरांना ही सोय फार उपयोगी आहे. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात एकाच घरी नातवाला शाळेसाठी हिंदी-इंग्रजी लागते आणि आजोबांना इन्स्क्रिप्टवर मराठी लिहायचे असते. खातीच वेगळी असल्यामुळे कळफलकाची मांडणी, अक्षरांचा आकार, माऊसचा वेग यांची सरमिसळ होत नाही. दोन ब्राउझर एकदम चालणार असतील तर ८ जीबी रॅम ही किमान गरज समजावी.

पूर्वी यासाठी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ठिगळे लावावी लागत. ब्राझीलच्या सरकारी शाळांनी असे संगणक मोठ्या प्रमाणावर वापरले. आता हे काम सिस्टमडीचा (लिनक्स सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीचा) ‘लॉगिनडी’ हा भाग करतो. मे २०१२मध्ये आलेल्या फेडोरा १७पासून ही सोय तयार मिळू लागली.

कार्डाची निवड : मदरबोर्डवरचे ग्राफिक्स पहिल्या सीटला आणि स्लॉटमधले एक साधे कार्ड दुसरीला, ही सर्वांत स्वस्त जोडी. पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट ७५ वॉटपर्यंत वीज देतो, तेव्हा वेगळी पॉवर केबल न लागणारे कार्ड पुरते. इंटेल आणि एएमडीची कार्डे कर्नलमधल्याच ड्रायव्हरवर चालतात. जेल रोडच्या बाजारात जुने कार्ड घेताना मॉडेल नीट पाहावे. एनव्हिडियाच्या जीटी ७१०ला कंपनीची ४७० ही जुनी ड्रायव्हर-शाखा लागते. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०२४मध्ये थांबल्या. असे कार्ड हाताशी असेलच तर ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर वापरणे बरे.

जोडणी : नवे कार्ड बसवताच अनेक मदरबोर्ड आपले अंगचे ग्राफिक्स बंद करतात. म्हणून आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ किंवा तशा नावाचा पर्याय चालू करावा. मग ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने दोन्ही कार्डे दिसतात का ते पाहावे. (सर्व आज्ञा टर्मिनलवर रोमन लिपीत लिहायच्या असतात.) ‘लॉगिनसीटीएल सीट-स्टेटस सीट०’ या आज्ञेने उपकरणांची वंशावळ उलगडते (सीट० म्हणजे पहिली सीट, सीट१ म्हणजे दुसरी). तीत दुसऱ्या कार्डाचा आणि त्याच्या फ्रेमबफरचा (पडद्याच्या चित्रस्मृतीचा) पत्ता शोधून ‘लॉगिनसीटीएल अटॅच सीट१’पुढे तो लिहावा. त्या कार्डाचा एचडीएमआय आवाजही तसाच जोडावा, नाहीतर दुसऱ्या सीटवर सहसा आवाजच येत नाही.

माऊस आणि कीबोर्ड एकेक जोडण्यापेक्षा एक यूएसबी हबच सीट१ला देणे शहाणपणाचे. लॉगिनडी माऊस ओळखत नाही, पोर्ट ओळखते. साफसफाईत माऊस दुसऱ्या पोर्टात गेला की तो गुपचूप पहिल्या सीटवर परततो, आणि एकाच पडद्यावर दोघे बाण हलवू लागतात. हब असला की त्यात लावाल ते त्याच सीटचे राहते. बिनतारी संच घेतल्यास दोघांचे रिसीव्हर वेगळे ठेवावेत. हे सारे वाटप युडेव्हच्या (उपकरणे ओळखणाऱ्या भागाच्या) नियमांत साठते, त्यामुळे रीस्टार्टनंतरही टिकते. कार्डाचा स्लॉट बदलला तर मात्र जोडणी पुन्हा करावी लागते.

दुसरा पडदा काळाच राहिला तर : ‘लॉगिनसीटीएल शो-सीट सीट१’ने दिलेल्या माहितीत ‘कॅनग्राफिकल’समोर ‘नो’ असेल तर त्या सीटला मुख्य ग्राफिक्स उपकरण मिळालेलेच नाही. एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरवर ‘एनव्हिडिया-डीआरएम’चे मोडसेट १ केलेले नसणे हे याचे नेहमीचे कारण. ‘येस’ असूनही लॉगिनचा पडदा येत नसेल तर तो दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे डिस्प्ले मॅनेजर, तपासावा. जीडीएम आणि लाइटडीएम अनेक सीट सांभाळतात.

तिसरा संशयित म्हणजे मागे राहिलेली ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ फाईल. दोन्ही सीटचे एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र उमटवणारे प्रोग्रॅम) तीच वाचतात आणि एकाच कार्डावर तुटून पडतात. फाईल काढून टाकावी, किंवा प्रत्येक डिव्हाइस-विभागात ‘मॅचसीट’ लिहावे. ‘बसआयडी’ (कार्डाचा पत्ता) लिहिताना एक खाच ध्यानात ठेवावी : एलएसपीसीआय षोडशमान (१६ पायाचे) आकडे दाखवतो, फाईलला दशमान लागतात. तिथला ‘०ए:००.०’ इथे ‘पीसीआय:१०:०:०’ होतो.

माऊसचा वेग उणे १ ते अधिक १ या पट्टीवर ‘लिबइनपुट’ ही माऊस-कीबोर्ड सांभाळणारी लायब्ररी ठरवते. हाताइतकाच बाण हलावा असे वाटत असेल तर ‘फ्लॅट’ ही प्रवेग-पद्धत निवडावी. डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदलही तिथेच होते. एकाच मॉडेलचे दोन माऊस असतील तर एक्सऑर्गच्या फाइलीत नावावरून त्यांना वेगळे करता येत नाही, आणि वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) ती फाईल वाचतच नाही. म्हणून हे बदल प्रत्येकाने आपल्या खात्याच्या सेटिंगमध्येच करावेत.

दुसरा माणूस काम करत असताना संगणक बंद करू गेल्यास सहसा प्रशासकाची परवानगी मागितली जाते. मुलांना तो पासवर्ड देऊ नये. वीज गेली तर मात्र दोन्ही कामे एकदम बुडतात, म्हणून यूपीएस हवाच, आणि त्यावर दोन्ही मॉनिटरचा भार धरावा. मजकुराचे कन्सोल फक्त पहिल्या सीटला असतात, त्यामुळे दुरुस्ती तिथूनच होते. जोडणीत फारच गुंता झाला तर ‘लॉगिनसीटीएल फ्लश-डिव्हायसेस’ ही आज्ञा सर्व उपकरणे सीट०कडे परत नेते.