बर्मा टीक की घाना टीक?

भाच्याच्या घराच्या चौकटींसाठी गेल्या महिन्यात सांगलीत दोन वखारी बघितल्या. पहिल्या ठिकाणी 'घाना टीक' दाखवलं. दुसरीकडे तसेच गोल ओंडके, पण भाव चांगलाच चढा. "दादा, बर्मा हाय ह्यो, डोळं झाकून घ्या." बाहेर आल्यावर भाच्यानं विचारलं, "मामा, यात फरक काय?"

झाडात फरक नाही. दोन्ही सागवानच. फरक आहे तो झाड कुठं आणि किती वर्षं वाढलं यात. साग मूळचा भारत, ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओसचा. आफ्रिकेत तो माणसानं नेऊन लावला, त्यामुळे घानाचा ओंडका लागवडीतला असतो, बहुतेकदा वीस-पंचवीस वर्षांचा. तोडला की ओलाच कंटेनरमध्ये भरतात.

ब्रह्मदेशाची रीत निराळी होती. 1856 पासून ब्रँडिस या वनाधिकाऱ्यानं पेगूच्या रानात निवडून तोड करायची शिस्त घातली. ठरलेला घेर भरलेलंच झाड घ्यायचं. बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षं उभंच वाळू द्यायचं, कारण ओला साग पाण्यावर नीट तरंगत नाही आणि ओंडके तर नदीतूनच सोडायचे असत. हत्ती ते ओढत नदीपर्यंत आणत. बर्मा टीकचं नाव झालं ते या वयामुळं आणि वाळण्यामुळं.

आता निर्यातीचं. गोल लाकडावर दोन्ही देशांत बंदी आहे, तरी परिणाम उलटा झालाय. घानानं 1990 च्या दशकात नैसर्गिक जंगलातले ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं, पण लागवडीच्या सागाला मोकळीक ठेवली. म्यानमारनं, म्हणजे ब्रह्मदेशानंच, 1 एप्रिल 2014 पासून गोल ओंडक्यांची निर्यातच बंद केली. तिथून येतो तो कापलेला माल. तेव्हा वखारीत कुणी गोल ओंडका दाखवून बर्मा म्हणालं, तर तो 2014 आधीचा साठा आहे का, हे विचाराच. कागद मागा. आम्ही मागितला, मिळाला नाही.

मग त्या 'बर्मा' ओंडक्याला टेप लावली. घेर 34 इंच, लांबी 8 फूट. वखारीचा हिशोब असा : घेराला चारनं भागायचं, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. भरले 4 घनफूट. पण कापलेल्या तोंडावर सालीखाली दोन इंच पांढरं लाकूड होतं, ज्याला वाळवी पहिल्यांदा लागते. उरलेला गाभा जेमतेम पावणेसात इंच व्यासाचा. त्यातून पाच बाय तीन इंचांची निव्वळ गाभ्याची एकच पट्टी निघते, म्हणजे पाऊण घनफुटाच्या थोडं वर. पैसे मात्र चार घनफुटांचे, तेही बर्माच्या भावानं! याचा मला खरंच राग आला.

घाना टीक वाईट नाही. घानाच्या भावानं, गाभा बघून घेतलं आणि चिरल्यावर सावलीत नीट वाळू दिलं, तर आतल्या दारांना उत्तम. आम्ही तेच घेतलं.

मुख्य दाराला मात्र गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्याची चौकट काढून आणली. 2019 च्या पुरात ती कित्येक दिवस पाण्यात होती. पाणी ओसरून महिना झाला, आणि दार पूर्वीसारखं बसलं.