पंत, अदिती

पंत, अदिती : (जन्म ५ जुलै १९४३). भारतीय सागरवैज्ञानिक व अंटार्क्टिक संशोधक. जन्म नागपूर येथे. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. घराणे मात्र औंधच्या पंतप्रतिनिधींचे. आजोबा भवानराव औंध संस्थानचे अधिपती व सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते, तर वडील अप्पासाहेब पंत स्वातंत्र्योत्तर काळातील मुत्सद्दी. त्यामुळे अदितीताईंना नागपूरकर म्हणावे की औंधकर, असा प्रश्न निघू शकतो. प्रस्तुत नोंदीत जन्मस्थान प्रमाण मानले आहे.

पुणे विद्यापीठातून बी. एस्‌सी. झाल्यावर त्यांनी हवाई विद्यापीठात सागरविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून सागरी शैवलांच्या शरीरक्रियाविज्ञानावर पीएच्‌. डी. मिळवली. न. के. पणिक्कर यांच्या प्रोत्साहनाने त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. आरंभीचे काम पश्चिम किनाऱ्यावरचे.

भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेत (१९८३-८४; नेते हर्ष गुप्ता) पंत व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांची निवड झाली. मोहीम डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून ‘फिनपोलॅरिस’ जहाजाने निघाली. भारताला अंटार्क्टिक करारात सल्लागार दर्जा (म्हणजे निर्णयात मताचा हक्क) मिळून (सप्टेंबर १९८३) तीनच महिने झाले होते. ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले कायम ठाणे याच मोहिमेने उभारले.

दोघींचे कार्यक्षेत्र वेगळे, आणि हा फरक बहुधा नजरेआड होतो. दक्षिण गंगोत्री (सुमारे ७०°०५′ द.) खडकावर नव्हे, तर समुद्रावर तरंगणाऱ्या हिमफळीवर होती, पुढे ती बर्फाखाली गाडली गेली. उघडा खडक लागतो तो सुमारे ७५ किमी. दक्षिणेला, शिर्माखर टेकड्यांत. तिथला अभ्यास सेनगुप्ता यांचा. त्या दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या गिर्यारोहक असल्याने तो भूभाग त्यांना मानवणारा. पंतांचे काम पाण्याचे : वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवले) किती अन्न निर्माण करतात आणि ते क्रिल या कोळंबीसारख्या प्राण्यामार्फत मासे, पेंग्विन व देवमाशांपर्यंत कसे पोचते. उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळत नाही, पाणी मात्र गोठणबिंदूच्या आसपास राहते. भरपूर प्रकाश आणि अति थंडी यांचा प्रकाशसंश्लेषणावर एकत्रित परिणाम काय, हा शैवलांच्या अभ्यासकाला पडणारा स्वाभाविक प्रश्न. क्रिल हा जेमतेम सहा सेंमी. लांबीचा. त्याच्या मासेमारीची त्या काळी जगभर चर्चा होती. तो पकडल्यावर त्याच्या कवचातले फ्लोराइड मांसात झिरपते, म्हणून सोलण्याची घाई करावी लागते. क्रिल भविष्यातले स्वस्त खाद्य ठरेल ही अपेक्षा बव्हंशी फोल ठरण्यामागे ही अडचणही होती.

‘अंटार्क्टिकावर गेलेली पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद पंतांना सर्रास लावले जाते. ते जपून वापरावे. मुंबईच्या जगप्रवासी मेहेर मूस १९७० च्या दशकातच तेथे पर्यटक म्हणून जाऊन आल्याचे सांगितले जाते. शिवाय पंत व सेनगुप्ता एकाच जहाजाने गेल्या. पाऊल आधी कोणाचे पडले, हा वाद काढण्यात अर्थ नाही. ‘भारतीय मोहिमेतून गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया’ हे विधान अधिक ग्राह्य वाटते. पुरुषांच्या बाबतीतही असाच घोळ आहे : १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय मोहिमेआधी राम चरण ऑस्ट्रेलियन, तर परमजितसिंग सेहरा सोव्हिएट मोहिमेबरोबर तेथे जाऊन आले होते.

पुढे पाचव्या मोहिमेतही पंत सहभागी होत्या. नंतरचा काळ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेला. सेनगुप्ता, जया नैथानी व कंवल विलकू यांच्यासह त्यांना भारत सरकारचा अंटार्क्टिका पुरस्कार मिळाला.