याकोब : टाच धरणारा की देवाने राखलेला?

इसहाकाची बायको रिबका हिला जुळे झाले. आधी आला तांबूस, केसाळ एसाव आणि त्याच्या मागोमाग त्याची टाच मुठीत धरून दुसरा. म्हणून त्याचे नाव याकोब ठेवले, असे बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात, २५व्या अध्यायात सांगितले आहे. हिब्रूत टाचेला म्हणतात ‘अकेव’ आणि नावाचा मूळ उच्चार ‘याअकोव’. दोन्हींच्या धातूची अक्षरे तीच : आयिन, कोफ, बेत. अरबीतला ‘आकिब’, म्हणजे मागून येणारा, हाही याच कुळातला शब्द.

पण कथा टाचेपाशी थांबत नाही. भुकेल्या एसावाचे थोरलेपण मसुरीच्या वरणावर याकोबाकडे गेले, मग आंधळ्या बापाचा आशीर्वादही धाकट्याने वेश पालटून घेतला, तेव्हा एसाव कळवळून म्हणतो की याचे नाव याकोब ठेवले ते बरोबरच, याने मला दोनदा फसवले. इथले क्रियापद ‘याअकवेनी’. धातू पुन्हा तोच. मराठीत आपण ‘पाय ओढणे’ म्हणतो, हिब्रूत ती गोष्ट टाचेवर आली. पुढे यिर्मया संदेष्टा ‘भाऊ भावाला फसवतोच’ असे बजावताना ‘अकोव याअकोव’ हे शब्द वापरतो. ऐकणाऱ्याला त्यात पूर्वजाचे नाव ऐकू आल्यावाचून राहणार नाही. स्वतःच्या मूळपुरुषाच्या नावातला हा डाग ज्यू लोकांनी पुसला नाही, याचे मला फार मोल वाटते.

तरीही नावाचा उगम टाचेत नसावा, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. इ.स.पूर्व १८व्या शतकाच्या सुमारास मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर ‘याहकुब-एल’ अशी अमोरी, म्हणजे हिब्रूच्या जवळची भाषा बोलणाऱ्या माणसांची नावे सापडतात. ‘एल’ म्हणजे देव. इजिप्तमध्ये हिक्सोस, म्हणजे पश्चिम आशियातून आलेल्या राजांच्या काळातल्या मुद्रांवर ‘याकुब-हर’ नावाचा राजा आहे आणि तिथल्याच कर्नाकच्या देवळात तिसरा थुतमोस या फेरोने कोरवलेल्या कनानी गावांच्या यादीत ‘याकोब-एल’सारखे गावाचे नाव आहे. ही माणसे बायबलमधला याकोब नव्हेत. मात्र नाव त्या प्रदेशात रुळलेले होते, एवढे यावरून कळते. इथिओपियाच्या जुन्या गीझ भाषेत याच धातूचा अर्थ राखणे, सांभाळणे असा आहे. तेव्हा पूर्ण नावाचा अर्थ ‘देव याला राखो’ असा लावला जातो. पाळण्यातल्या बाळासाठी आईबापांनी असेच काही मागितले असणार. ‘एल’ गळाले, उरलेल्या ‘याकोब’ला टाचेची कथा चिकटली. अर्थात कथाकाराला व्युत्पत्ती सिद्ध करायचीच नव्हती. त्याला नावातून माणूस दाखवायचा होता.

हे यब्बोक नदीच्या काठी दिसते. रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी याकोबाची झोंबी चालते. याअकोव, यब्बोक, ‘येआवेक’ म्हणजे झुंजला : मूळ ऐकताना हे तीन शब्द एकमेकांवर आदळतात. पहाटे तो पुरुष विचारतो, तुझे नाव काय? आंधळ्या बापाने ‘तू कोण?’ विचारले तेव्हा ‘एसाव’ म्हणणारा आता ‘याकोब’ म्हणतो. मगच त्याला ‘इस्राएल’ हे नवे नाव मिळते. देवाशी झगडला तो, असा अर्थ कथा देते.

पुढे ग्रीकमध्ये ‘इयाकोबोस’, लॅटिनमध्ये ‘याकोबुस’, अरबीत ‘याकूब’. लॅटिनच्या बोलीरूपातून इंग्रजी ‘जेम्स’ निघाला, स्पॅनिशमध्ये संत याकोबाचा ‘सांतियागो’ झाला. इंग्रजीत मूळपुरुष जेकब आणि येशूचा शिष्य जेम्स ही वेगळी नावे वाटतात. मराठी बायबलात मात्र दोघेही याकोबच.

कोकणात या नावाची दुसरी बाजू पिढ्यान्‌पिढ्या जगली. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल हे कोकणातले ज्यू. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची, अर्थात याकोबाची लेकरे. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा मांडून एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याचे स्मरण करतात, तेव्हा ते ‘वेयितेन लेखा’ म्हणतात : देव तुला आकाशाचे दव आणि भूमीची समृद्धी देवो. आंधळ्या इसहाकाने एसाव समजून याकोबाला दिलेला आशीर्वाद तो हाच.