ट्रकसाठी इंजिन ऑइल निवडताना : दाटपणाबद्दल थोडे

आमच्याकडे ऑइल घ्यायला येणारे अनेक ट्रकमालक डब्यातील दोन थेंब चिमटीत चोळून पाहतात आणि याहून दाट ऑइल मागतात. चिमटीत येते ते थंड ऑइल. इंजिनात काम करणारे ऑइल मात्र शंभर अंशांच्या आसपास तापलेले असते, त्यामुळे या परीक्षेतून काहीच कळत नाही.

डब्यावरील '१५डब्ल्यू-४०' हे दोन वेगळे आकडे आहेत. 'डब्ल्यू'चा आकडा थंडीतील वाहतेपणाचा असून १५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांवर होते. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटेही पारा त्याच्या जवळपास जात नाही, म्हणून निव्वळ थंडीच्या भीतीने याहून कडक थंडीसाठीच्या ५डब्ल्यूला जादा पैसे मोजू नयेत. गाडीच्या कंपनीनेच ते सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. दुसरा आकडा १०० अंशांवरील दाटपणाचा आहे : ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक.

गळीत हंगामात ऊस भरून धावणाऱ्या किंवा गगनबावड्याचा घाट चढणाऱ्या गाडीला २०डब्ल्यू-५० घालावे का, असे नेहमी विचारले जाते. बेअरिंगमध्ये दाबाखाली ऑइलचा थर टिकतो की नाही, हे १५० अंशांवरील वेगळ्या चाचणीने ठरते आणि तिची किमान मर्यादा १५डब्ल्यू-४० व २०डब्ल्यू-५० या दोन्हींना एकच, म्हणजे ३.७ मिलिपास्कल-सेकंद (या चाचणीचे एकक) आहे. उलट, जादा दाट ऑइल सकाळी टर्बोपर्यंत पोहोचायला वेळ लावते आणि डिझेलही थोडे अधिक खाते. मॅन्युअलमध्ये ५०ची परवानगी असलेली जुनी इंजिने आहेत. तिथे आमची हरकत नाही.

ऑइलचा दाब कमी दाखवतो म्हणून दाट ऑइल घालणे, हे दुखणे झाकणे झाले. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर किंवा पंप आधी तपासून घ्यावा, कारण डिझेल मिसळून पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. ऑइल नुसते काळे पडणे हा मात्र दोष नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण-नियमांच्या) गाड्यांमध्ये दाटपणाचा आकडा जुळला म्हणजे झाले, असे समजू नये. त्यांच्या धुराड्यातील फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळता येते, पण ऑइलमधील राख जळत नाही, ती तिथेच बसते. म्हणून या गाड्यांना सीके-४ (डब्यावर छापलेला ऑइलचा दर्जा) दर्जाचे किंवा मॅन्युअलमध्ये नमूद केलेले कमी राखेचेच ऑइल घालावे. जुन्या गाडीचा उरलेला सीआय-४ या आधीच्या दर्जाचा डबा त्यात रिकामा करू नये.

ऑइल घ्यायला येताना मॅन्युअलमधील ऑइलच्या पानाचा फोटो सोबत आणावा. मॅन्युअल हरवले असल्यास गाडीचे मॉडेल, उत्पादनाचे वर्ष आणि बीएसचा टप्पा सांगावा.